कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बदलायची आहे? विंडोजसकट सगळं नव्या डिस्कवर कसं न्यायचं, वाचा सविस्तर

मुरुड : जुलै महिना आला की पीक विम्यासाठी सेवा केंद्रांपुढं रांगा लागतात. त्याच दिवसांत कॉलेज प्रवेशाचे फॉर्म असतात, उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले काढायचे असतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात. अशा ऐन गर्दीत कॉम्प्युटर चालू होता होताच अडकला, गोल चक्र फिरत राहिलं आणि शेवटी काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी येऊन थांबला, तर केंद्रचालकाचा धंदा तर बुडतोच. पण रानातली कामं टाकून आलेल्या माणसाचा दिवसही मोडतो.

बहुतेक वेळा दोष एकाच वस्तूचा असतो, तो म्हणजे सात-आठ वर्षं घासलेली हार्ड डिस्क. आपल्याकडची धूळ, उन्हाळ्यातली गरमी, लाइटचं येणं-जाणं आणि व्होल्टेजचा खेळ यात ती लवकर दमते. पण डिस्क पूर्ण बंद पडायच्या आधी हालचाल केली, तर विंडोज, प्रिंटर, थंब मशीन, मराठी टायपिंग, सगळ्या फाइली, जसंच्या तसं सगळं नव्या डिस्कवर नेता येतं. परत काही टाकावं लागत नाही. हे काम कसं चालतं, कुठं चुकतं आणि दुकानदाराकडून करून घेताना काय विचारायचं, ते आज पाहू.

सिस्टिम ड्राइव्ह म्हणजे नेमकं काय?

एमएस-सीआयटी केलेल्यांना सी ड्राइव्ह माहीत आहे. विंडोज ज्या डिस्कवर बसलेलं असतं ती सिस्टिम डिस्क. लोकांना वाटतं, सी ड्राइव्हमधल्या फाइली कॉपी करून नव्या डिस्कवर पेस्ट केल्या की झालं. तसं होत नाही.

सी ड्राइव्हच्या शेजारी एक-दोन लहान कप्पे असतात, ते आपल्याला रोज दिसत नाहीत. कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर विंडोज कुठून सुरू करायचं, ही माहिती त्यात असते. ते कप्पे आले नाहीत तर नवी डिस्क चालूच होत नाही. शिवाय विंडोज चालू असताना त्याच्या काही फाइली कुलूपबंद असतात, साध्या कॉपी-पेस्टनं त्या हलत नाहीत. म्हणून पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल करावी लागते. त्यालाच क्लोन करणं म्हणतात.

डिस्क जायला लागली, हे कसं ओळखायचं?

- कॉम्प्युटर चालू व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात, फोल्डर उघडताना अडकतो.
- टास्क मॅनेजरमध्ये काहीच काम चालू नसताना डिस्कपुढं १०० टक्के दिसतं.
- फाइल कॉपी करताना मध्येच एरर येते, फाइल करप्ट म्हणून दिसते.
- सुरू होताना दर वेळी डिस्क तपासणी आपोआप लागते.
- डिस्कमधून टक-टक किंवा खरखर आवाज येतो.

पहिल्या दोन गोष्टी नुसत्या संथ डिस्कमुळंही होतात. खात्री करायला क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती हा प्रोग्रॅम वाचून दाखवतो. 'गुड' लिहिलेलं असेल तर ठीक. 'कॉशन' आलं तर डिस्कचे काही भाग खराब झालेत असं समजा आणि आठवडाभरात काम उरकून घ्या. 'बॅड' आलं तर त्याच दिवशी.

महत्त्वाचं : टक-टक आवाज येत असेल तर क्लोनच्या नादाला लागू नका. डिस्क दुरुस्त करणारी कमांडही चालवू नका. अशा वेळी डिस्क जितकी फिरेल तितकी ती मरणाच्या जवळ जाते. आधी कामाच्या फाइली बाहेर काढा. नाही निघाल्या तर कॉम्प्युटर बंद करून जाणकाराकडं न्या. खराब भाग सोडून चांगला भाग आधी वाचणारी डीडीरेस्क्यूसारखी मोफत साधनं त्यांच्याकडं असतात.

नवीन विंडोज टाकायचं, की जुनंच न्यायचं?

दुकानात गेलं की पहिलं उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारू, नवीन विंडोज टाकू." घरच्या कॉम्प्युटरला ते चालतं. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असेल किंवा विंडोजच बिघडलेलं असेल, तर तेच बरं. कारण क्लोन केलं की रोगही सोबत येतो.

पण सेवा केंद्र, आडत, डीटीपी किंवा फोटो स्टुडिओच्या मशीनला नवं विंडोज टाकणं म्हणजे दोन-तीन दिवसांचा खोळंबा. थंब मशीनची आरडी सर्व्हिस, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर, स्कॅनर, श्रीलिपीसारखे फॉन्ट, ब्राउझरमधल्या सेटिंग, एकेक परत बसवावं लागतं. डिजिटल स्वाक्षरी टोकनमध्ये असते, ती डिस्क गेली तरी जात नाही. पण टोकन ओळखणारा ड्रायव्हर डिस्कवरच असतो. क्लोनमध्ये हे सगळं जसंच्या तसं येतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. टॅलीसारख्या हिशोबाच्या प्रोग्रॅमचं लायसन्स डिस्क बदलल्यावर परत चालू करावं लागू शकतं. ज्याच्याकडून घेतलं त्याला आधीच फोन करून विचारा. विंडोजचं लायसन्स मात्र मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं, नुसती डिस्क बदलली म्हणून ते सहसा जात नाही.

आणि गावकऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केंद्राचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून तुमचा सातबारा किंवा भरलेला विमा अर्ज गायब होत नाही. जमा झालेला अर्ज सरकारी सर्व्हरवर असतो. पावती आणि अर्ज क्रमांक मात्र स्वतःजवळ, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

कोणती डिस्क घ्यावी?

जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या चकत्या असतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, पेन ड्राइव्हसारख्या चिप असतात. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साधी सॅटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. लहान लहान फाइली शोधण्यात तर फरक कितीतरी जास्त पडतो. म्हणून जुन्या मशीनला एसएसडी लावली की नवं घेतल्यासारखं वाटतं.

प्रकार मुख्यतः दोन :

१) अडीच इंची सॅटा एसएसडी. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्याच जागी बसते. डेस्कटॉपमध्येही चालते.

२) एम डॉट टू एसएसडी. च्युइंगमच्या पट्टीसारखी असते, मदरबोर्डवर तिची वेगळी खाच लागते. यातही सॅटा आणि एनव्हीएमई असे दोन पोटप्रकार आहेत. जुन्या मशीनमध्ये खाच नसते, किंवा असली तरी एनव्हीएमईवरून विंडोज सुरू होत नाही. मॉडेल नंबर बघूनच घ्या.

साइज किती? एकूण डिस्क किती मोठी आहे, यापेक्षा भरलेली किती आहे ते बघा. डब्यावर लिहिलेली साइज आणि विंडोजमध्ये दिसणारी साइज यात फरक असतो. ५०० जीबीची डिस्क ४६५ दिसते, १ टीबीची ९३१ दिसते. ही फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. एसएसडी पूर्ण भरायची नसते, पाचवा हिस्सा तरी मोकळा राहील अशी घ्या.

खरी फसवणूक वेगळी आहे. ऑनलाइन जाहिरातीत अगदी किरकोळ पैशात '२ टीबी एसएसडी' दिसते. आत लहान चिप असते आणि साइज खोटी दाखवलेली असते. फाइली जातात असं दिसतं, नंतर उघडत नाहीत. ओळखीच्या कंपनीची, बिलासह आणि वॉरंटीसह घ्या.

सुरू करण्याआधीची तयारी

१. कामाच्या फाइली वेगळ्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर एकदा कॉपी करा. क्लोन करायचंच आहे मग हे कशाला, असं म्हणू नका. चूक झाली तर हीच कॉपी वाचवते.

२. रिसायकल बिन, डाउनलोड फोल्डर साफ करा. जितका भार कमी तितकं काम लवकर.

३. विंडोजचं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. नव्या लॅपटॉपमध्ये ते आपोआप चालू असतं. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा आणि कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबा. त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती ४८ आकडी असते.

४. सर्चमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. 'बायोस मोड'पुढं लेगसी लिहिलंय की यूईएफआय, ते टिपून ठेवा. जुनं जसं आहे तसंच नव्या डिस्कला लागतं. मध्येच बदलू नका.

५. सॅटा टू यूएसबी केबल लागेल. अडीच इंची एसएसडी यूएसबीच्या करंटवरच चालते. केबल निळ्या रंगाच्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये लावा. यूएसबी २ वर सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे १०० जीबीला जवळपास तास लागतो. डेस्कटॉपमध्ये जागा असेल तर नवी डिस्क आतल्या सॅटा केबललाच जोडा, ते सगळ्यात चांगलं.

६. यूपीएस असेल तर त्यावर, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून. लाइट टिकेल अशी वेळ निवडा.

क्लोन कसं करायचं?

विंडोजमध्ये यासाठी सोपं बटण नाही, वेगळा प्रोग्रॅम लागतो. सॅमसंगची एसएसडी घेतली तर त्यांचा स्वतःचा मोफत प्रोग्रॅम मिळतो. क्रुशियल आणि वेस्टर्न डिजिटल यांच्या डिस्कसाठी ॲक्रोनिसची खास आवृत्ती मिळते. हे प्रोग्रॅम त्या-त्या कंपनीची डिस्क जोडलेली असेल तरच चालतात. नवख्या माणसाला हा मार्ग सोपा. जुनी डिस्क मोठी आणि नवी एसएसडी लहान असली तरी भरलेला भाग मावत असेल तर हे बहुतेक वेळा जमवून घेतात.

दुसरा मार्ग क्लोनझिला. पूर्ण मोफत, कोणत्याही कंपनीच्या डिस्कला चालतो. तो पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा असतो. स्क्रीन साधी, सगळं कीबोर्डवर. यात नवी डिस्क जुनीच्या बरोबरीची किंवा मोठी असावी लागते, लहान असली तर अडतं. त्याचाच चित्रांचा, माउसवर चालणारा भाऊ म्हणजे रेस्क्यूझिला. हे वापरायच्या आधी शिफ्ट बटण दाबून धरून शट डाउन करा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं.

पुढची पावलं सगळ्यात सारखीच :

- नवी डिस्क जोडा. विंडोजनं 'फॉरमॅट करायचं का' विचारलं तर नाही म्हणा.
- प्रोग्रॅम उघडून 'डिस्क क्लोन' निवडा.
- सोर्स म्हणजे जुनी डिस्क, टार्गेट म्हणजे नवी डिस्क.
- पूर्ण डिस्क निवडा, नुसता सी ड्राइव्ह नाही. लहान कप्पेही आले पाहिजेत.
- सुरू करा आणि संपेपर्यंत हात लावू नका.

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. सोर्स आणि टार्गेट उलट झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते. म्हणजे सगळं पुसलं जातं. प्रोग्रॅम विचारतो, 'टार्गेटवरचं सगळं जाईल, चालेल का?' इथं घाईनं हो दाबायचं नाही. कंपनीचं नाव आणि साइज दोन्ही वाचा. दोन्ही डिस्क एकाच साइजच्या असतील तर डिस्कवरच्या स्टिकरचा सिरियल नंबर स्क्रीनशी जुळवा. शेजारी कुणी असेल तर त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. सातबारावरचा गट नंबर जसा दोनदा बघतो, तसंच हे.

मध्येच लाइट गेली तर घाबरू नका. क्लोन करताना जुनी डिस्क फक्त वाचली जाते, लिहिणं सगळं नव्या डिस्कवर होतं. नवी अर्धवट राहील, जुनी आहे तशी राहते. लाइट आल्यावर पहिल्यापासून करा.

पहिल्यांदा सुरू करताना

काम संपलं की कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा आणि तिच्या जागी नवी बसवा. दोन्ही एकदम लावून सुरू करू नका. दोन्हीची ओळख हुबेहूब सारखी असल्यामुळं विंडोज गोंधळतं. किंवा गुपचूप जुन्यावरूनच सुरू होतं आणि आपल्याला वाटतं काम झालं.

सुरू होत नसेल तर :

- सुरू होताना डिलीट, एफ २, एफ १२ किंवा एस्केप यापैकी कंपनीप्रमाणं जे असेल ते बटण दाबून बायोसमध्ये जा. बूटच्या यादीत नवी डिस्क पहिली ठेवा.
- टिपून ठेवलेला मोड, लेगसी की यूईएफआय, तोच आहे का बघा.
- डिस्कच दिसत नसेल तर केबल परत घट्ट बसवा.
- डिस्क दिसते पण निळी स्क्रीन येते, तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर चालवा.
- काहीच जमलं नाही तर जुनी डिस्क परत लावा. धंदा चालू राहील, मग सावकाश बघा.

नवी डिस्क मोठी असेल तर उरलेली जागा वापरात दिसत नाही. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'अनअलोकेटेड' नावानं ती दिसते. सी ड्राइव्हला लागून असेल तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करून जोडता येते. मध्ये लहान रिकव्हरी कप्पा आडवा आला तर तो नुसता डिलीट करू नका, जाणकाराला दाखवा.

त्यानंतर एकेक काम तपासा. प्रिंट निघते का? अंगठा लागतो का? टोकन ओळखतं का? हिशोबाचा प्रोग्रॅम उघडतो का? मराठी टाइप होतं का? हे सगळं झालं तरच काम झालं म्हणा. एसएसडीला डीफ्रॅगमेंट करायची गरज नाही, विंडोज तिची निगा स्वतः राखतं.

विंडोज १० वाल्यांनी हे लक्षात घ्यावं

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षेचे जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. क्लोन केल्यानं विंडोज नवं होत नाही, जुनंच नव्या जागी जातं. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतो, साधारण २०१८ च्या आधीच्या बऱ्याच मशीन त्यात बसत नाहीत. म्हणून पैसे घालायच्या आधी विचार करा. मशीन विंडोज ११ घेणारी असेल तर एसएसडीचा खर्च पुढं कितीतरी दिवस कामाला येईल. नसेल तर तीच एसएसडी उद्या दुसऱ्या मशीनला लावता येते, सगळे पैसे वाया जात नाहीत.

जुन्या डिस्कचं काय करायचं?

किमान पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर, जुनी डिस्क आहे तशी ठेवा. वर तारीख लिहून कोरड्या जागी, कापडात गुंडाळून. कोणता फॉर्म राहिला, कोणता फोटो राहिला हे वापरताना कळतं.

त्यानंतर मात्र ती भंगारवाल्याला तशीच देऊ नका. सेवा केंद्राच्या डिस्कवर शेकडो लोकांचे आधार कार्ड, बँक पासबुक, फोटो, सह्या स्कॅन केलेल्या असतात. डिलीट केलेली, नुसती क्विक फॉरमॅट मारलेली फाइल साध्या प्रोग्रॅमनं परत निघते. लोकांनी विश्वासानं दिलेले कागद आहेत ते. वैयक्तिक माहिती जपण्यासाठी देशात २०२३ चा कायदाही आहे.

जुनी हार्ड डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला यूएसबीनं जोडून, क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. तास-दोन तास लागतात, पण सगळ्या जागेवर शून्य लिहिलं जातं. डिस्कवरच्या प्रत्येक कप्प्याला हे करा. डिस्क बंद पडली असेल तर उघडून चकत्यांना ड्रिलनं भोकं पाडा. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात देणं सगळ्यात बरं.

दुकानात करून घेताय? हे पाच प्रश्न विचारा

१. फॉरमॅट मारणार की क्लोन करणार?
२. काम माझ्यासमोर होईल का? डिस्क ठेवून जावी लागली तर किती वेळ?
३. नवी डिस्क कोणत्या कंपनीची, वॉरंटी किती वर्षं, बिल मिळेल ना?
४. जुनी डिस्क मला परत मिळेल ना?
५. प्रिंटर, अंगठा, टोकन चालू करून दाखवणार का?

चौथ्या प्रश्नाला "राहू द्या, तुम्हाला काय कामाची" असं उत्तर आलं तर ऐकू नका. डिस्क तुमची, त्यातली माहिती गावाची. ती हातात घेऊनच घरी या.

पेरणीच्या आधी आपण पाभर-तिफण बघून घेतो. कॉम्प्युटरचंही तसंच. गर्दीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यातल्या एखाद्या निवांत दुपारी डिस्कची तब्येत बघून घ्या. 'कॉशन' दिसलं तर जुलैची वाट बघू नका.

ही माहिती उपयोगी वाटली तर आपल्या गावच्या सेवा केंद्रचालकाला आणि ग्रुपवर नक्की पाठवा.